वरचा सूर

मी गाणं बोलतोय. हो, तेच, दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलात की छतातून वाजतं ना, ते. सगळे मला ओळखतात, आणि एकालाही मी पुरता ठाऊक नाही.

माझा जन्म अमेरिकेत, टोलेडो शहरातल्या एका गॅरेजात, ऐन थंडीत. कर्टिस गिटार वाजवायचा, गायचा. रोंडा बेस गिटार वाजवायची आणि ध्रुपदाला त्याच्या वर आपला आवाज चढवायची. तिच्याशिवाय माझं ध्रुपद लंगडंच. त्यांच्या बँडला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. अशात एका सिनेमाने गाणं मागितलं, आणि हातमोज्यांची बोटं कापून, कुडकुडत त्यांनी मला घडवलं. किती हसायची तेव्हा दोघं!

सिनेमावाल्यांना मी आवडलो. फक्त म्हणाले, नायक एकटा गाव सोडून चाललाय, मग ही बाई कोण त्याच्या कानात गातेय? काढा तिला. कर्टिस फोनवर 'बरं' म्हणाला. रोंडाला सांगणं मात्र त्याच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिला.

सिनेमा लागला त्याच दिवशी रोंडा आईला आणि दोन मावश्यांना घेऊन थिएटरात गेली. मी सुरू झालो तशा मावश्या सावरून बसल्या. ध्रुपद आलं, गेलं, पुन्हा आलं. शेवटी धाकटी मावशी हळूच म्हणाली, "तू कधी गातेस गं?"

कर्टिसने नंतर खूप गयावया केली. सिनेमापुरतंच आहे, रेकॉर्डवर तुझा आवाज ठेवू, म्हणाला. पण रेडिओवाल्यांनी सिनेमातलाच मी उचलला, लोकांनी डोक्यावर घेतला; मग रेकॉर्डवाले कशाला बदलतात? रोंडाने बेस पेटीत ठेवला आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता कर्टिसचे केस पिकलेत. जिल्ह्याच्या जत्रेत डुकरांच्या स्पर्धेची बक्षिसं वाटून झाली की त्याची पाळी येते. ध्रुपदाला तो माईक लोकांपुढे धरतो. अख्खं मैदान गातं, पण सगळे खालच्याच सुरात. वरचा त्यांनी ऐकलाय कुठे? एवढ्या गर्दीत मला फार एकटं वाटतं हो.

परवा एका दुकानात वाजत होतो. भाजीपाशी एक बाई बटाटे निवडत होती, शेजारी तिची लेक. ध्रुपद आलं आणि बाई नकळत गुणगुणली. वरचा सूर! रोंडाच ती. इतक्या वर्षांनी मी पुरा झालो.

लेक हसली. "आई, चुकतेयस तू. गाण्यात असं नाहीये."

रोंडाने हातातला बटाटा पिशवीत टाकला. मग म्हणाली, "हो गं. चुकलंच माझं." आणि तिने पिशवीला गाठ मारली.

वाजता वाजता मला थांबता येत नाही, नाहीतर तिथंच त्या पोरीला सांगितलं असतं. तुम्हाला कधी भेटली, तर तुम्ही तरी सांगा. म्हणावं, तुझी आई बरोबर गात होती.