सालीखालचा पडदा

हमिदाबींच्या दहा गुट्यांपैकी एकीलाही मूळ फुटलं नव्हतं, आणि पोळ्यानंतर त्यांच्या पेरूच्या झाडावर कालवा खोदणारं मशीन येणार होतं.

दोन हजार सहाचा आषाढ. मी अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. कालव्याच्या खोदाईत उघडे पडलेले मातीचे थर नोंदवायला अंजनगाव सुर्जीजवळच्या त्यांच्या शेतात गेले होते.

लाल गराचा हा पेरू त्यांचे पती नबीभाई यांनी लावलेला. कापसाने दगा दिलेल्या त्या वर्षांत घर त्याच्या रोपांवर चाललं. बी लावलं की गर पांढरा निघायचा, म्हणून गुटी: फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं आली की कापून लावायची. नबीभाई गेल्या साली वारले. यंदा हमिदाबींनी पहिल्यांदाच स्वतः बांधल्या होत्या.

"एक फांदी चिरून पाहू?" मी विचारलं.

"तुमी गोट्याच्या मॅडम. झाडाचं काय समजते तुमाले?"

"गोटेही चिरल्याशिवाय बोलत नाहीत."

"पाहा मंग. वायाच गेली थे."

मी गुटीच्या जागी फांदी उभी चिरली, पॉलिश पेपरने घासली आणि भिंग लावलं. सोललेल्या जागेवर कागदाएवढी नवी साल सलग पसरली होती. खडकात असं दिसलं असतं तर मी लिहिलं असतं, इथे थर साचणं थांबलंच नाही.

"साल काढल्यावर खाली बुळबुळीत लागतं ना, हमिदाबी? ते राहिलं. त्यानंच जखम भरली. वरचा रस तिथे अडलाच नाही, सरळ खाली गेला; मुळं कशाला फुटतील?"

त्यांना नबीभाई आठवले. मग म्हणाल्या, "ते चाकूच्या पाठीनं घासत. मले वाटे, चाकू पुसून राह्यले. म्या म्हटलं, झाडाले कायले दुखवाव?"

त्याच दुपारी त्यांनी नव्या नऊ फांद्या धरल्या. पहिलीची साल काढून चाकूची पाठ टेकवली आणि हात अडला.

"जोरानं?"

"कोरडं लाकूड लागेपर्यंत."

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले. सात गुट्यांच्या प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती. हमिदाबींनी त्या कापून पिशव्यांत लावल्या.

"आणि या दोन?"

"मशीनवाल्याले चहा पाजला. चार दिवस थांबतो म्हणे."

मी वाकून पाहिलं. एकीत, शेवाळाच्या कडेला, बारीकसं पांढरं टोक बाहेर आलं होतं.