जावयाला दिलेली होडी

सासरे होड्या बांधणारे. लग्नाच्या वेळी ते काही बोलले नाहीत, पण वायरमन जावई त्यांच्या पचनी कधी पडला नाही. म्हणूनच एक दिवस त्यांनी आवारात पडलेली जुनी शिडाची होडी त्याला देऊन टाकली, तेव्हा तो हरखून गेला.

"दुरुस्तीला पैसे कुठनं आणू?"

"हात आहेत ना, जावईबापू?"

चार वर्षं त्याचे सगळे रविवार त्या होडीने खाल्ले. शाळेने भंगारात काढलेल्या बाकांच्या फळ्या त्याने रंधा मारून वापरल्या. जुने वाकडे खिळे एकेक करून सरळ केले. फटींत कापूस ठासताना अंगठ्याचं नख गेलं. बायकोने तंबूच्या कापडाचं शीड शिवून दिलं. सासरे खुर्ची टाकून बसायचे, "वा, वा" म्हणायचे. बुडाला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "तिथलं डांबर मी स्वतः लावलंय. दगड आहे दगड." जाणत्या माणसाचा शब्द, त्याने मानला.

होडी पाण्यात लोटायच्या दिवशी सासऱ्यांनी झाडून सगळे नातेवाईक बोलावले. त्याने शीड चढवलं, वारा भरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काठापासून वीसेक हात गेला असेल नसेल, तोच पायाखाली कडकन आवाज झाला. बुडाचं मधलं लाकूड भिजल्या बिस्किटासारखं फुटलं आणि तो गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला.

सासरे पोट धरून हसत होते. "किड्यांनी केव्हाच पोखरलंय ते! वरून डांबर फासलं मी. म्हटलं बघू, गडी किती दिवस घासतो!"

साडूच्या डोळ्यांत तर हसून पाणी आलं.

तो निथळत बायकोपाशी आला. "ऐकलंस, तुझे बाबा काय म्हणतायत?"

ती हसत नव्हती. "दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं त्यांनी मला."

"तरी शीड शिवलंस?"

"रविवारी तू घरात नसायचास. तेवढीच शांतता."

त्या संध्याकाळी घर सोडून, कपड्यांची पिशवी घेऊन तो सासऱ्यांच्या आवारातल्या, चार वर्षं होडी घासली त्याच शेडमध्ये झोपायला गेला. दुसरी जागा कुठली होती त्याला? सोमवारी कामावरून परतला, तर शेडला नवं कुलूप. पिशवी आत, हत्यारं आत.

सासरे खिडकीत आले. "काय जावईबापू, काही राहिलं का तुमचं?"