नाक गेलेली राणी

१९५८ सालचा फाल्गुन. राळेगावजवळच्या एका तांड्यावर लालीबाईच्या मुलीचं, सुखीचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिच्या गळ्यात घालायचा सात राणीछाप चांदीच्या रुपयांचा हार डब्यातून निघाला तो काळा पडलेला. तांड्याच्या रिवाजाप्रमाणे सासरच्या बायका हारातला एकेक रुपया उलटून पाहत. चेहरा पुसट दिसला की नाणं खोटं ठरे, आणि ते बोलणं सुनेला जन्मभर ऐकावं लागे.

"मी करतो चकाचक," लालीबाईचा नवरा रूपसिंग म्हणाला. हार सोडवून त्यानं पहिला रुपया घेतला आणि बैलाच्या घुंगरांना लावतो तशा विटेच्या बुकणीनं अर्धा तास घासला. रुपया चमकला. राणीचं नाक गेलं.

"हे काय करून ठेवलं? राणी हाय का भांडं?"

"चमकून तर राह्यली!"

"आता तुमचंच नाक घासते. द्या इकडं!"

सातही रुपये पदरात बांधून लालीबाई कळंबच्या बाजारात बशीर कल्हईवाल्याकडे गेली.

"याले कल्हई नको, भाबी," बशीर म्हणाला. "राख, वीट, चिंच, कायबी लावू नको. कोमट पाण्यात रिठे भिजव, फेस काढ, त्यात घडीभर ठेव. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. मग साध्या पाण्यातून काढून लगेच कोरडं कर."

"खाचेत काळं राह्यलं तर?"

"राहू दे. त्यानंच तर चेहरा उठून दिसते."

"अन् हे नाक?"

"ते मी कुठून आणू?"

बशीरनं सांगितलं तसं केल्यावर सहा राण्या नाकासकट उजळल्या. सातवा रुपया लालीबाईनं उलटा ओवला, अक्षरांची बाजू वर करून.

लग्नात वराची आई चंदाबाई हार हातात घेऊन बसली. एक, दोन, तीन... सातवा तिनं उलटला आणि थांबली.

"हे कोणं घासलं, विहीणबाई?"

लालीबाईनं हनुवटीनं रूपसिंगकडे दाखवलं. तो पंक्तीत वाढायला म्हणून लगबगीनं निघून गेला.

चंदाबाईनं स्वतःच्या गळ्यातला हार पुढे ओढला. त्यात दोन राण्या होत्या, दोघीही बिननाकाच्या.

"आमचा मानूस राखेनं घासते," ती म्हणाली. "बाकीच्या सहा तू कायनं धुतल्या, ते सांग मले आधी."