मी जपून ठेवलेली ट्यूब

मी ट्यूब बोलतेय. उशिरा पेटणारी ती नव्हे. ती छताखाली टांगलेली असते आणि तिच्या नावाने माणसं एकमेकांना चिडवतात. मी मलमाची. पत्र्याची, बोटाएवढी, अंगावर निळा पट्टा. जीव एवढासा, पण या जिवाने जे पाहिलं त्याने मी अजून सावरलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा बहिणींना शेपटीकडून भरतात आणि मग शेपटी दुमडून चिमटून टाकतात. पोट भरलं, दार बंद. पुढचं तोंडही पत्र्यानेच झाकलेलं. मग हे बाहेर यायचं कसं, म्हणून आम्ही घाबरून गेलो होतो. आमच्यातली एक शहाणी म्हणाली, "ज्याला गरज असेल तो काढेल बरोबर." तिच्या शब्दावर विसंबून मी खोक्यात शिरले.

औषधाच्या दुकानात फार दिवस काढावे लागले नाहीत. एका दुपारी एक आई, एक आजोबा आणि पाचेक वर्षांची मुलगी आली. मुलीला घरात मुंगी म्हणत, कारण ती क्षणभर एका जागी ठरत नसे. तेव्हाही एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा घासत होती. आजोबांनी तिचे दोन्ही हात हातात धरले होते. मला वाटलं, काय लाड आहेत. तेवढ्यात पैसे काढायला त्यांनी हात सोडले, आणि ते दोन्ही हात तडक मानेवर गेले. नखांचा आवाज मला काउंटरवर ऐकू आला. मान लाल, कोपराच्या घडीत कातडी जाड आणि फाटलेली, बाहीवर रक्ताचे बारीक ठिपके. मी हबकले. एवढ्याशा पोरीच्या अंगावर एवढं?

"कसं लावायचं सांगितलंय ना डॉक्टरांनी?" दुकानदाराने विचारलं.

"हो तर," आजोबा म्हणाले. "दिवसातून दोनदा, जपून."

"बरोबर. स्टिरॉइड आहे, जपूनच लावा."

त्या एका 'जपून'ने पुढे काय घोळ घातला, ते ऐका.

आजोबा आयुष्यभर एका मोठ्या कारखान्याच्या गोदामाचे प्रमुख होते. खिळा, बोल्ट, वंगण, सगळं त्यांच्या हातून मोजून जायचं. जास्तीचा एक वॉशर मागितला तरी ते चष्म्यावरून असे बघत की मागणारा आल्या पावली परत जाई. माणूस मात्र मायेचा. मुंगी त्यांच्या काळजाचा तुकडा, आणि तिला काही होऊ नये म्हणून ते जिवाचं रान करत. इथेच तर पंचाईत झाली.

घरी आल्यावर आईने टोपणाच्या टोकाने माझं तोंड फोडलं आणि बोटावर एक रेघ घेतली. मला वाटलं, चला, सुरुवात झाली.

"अगं, अगं, एवढं?" आजोबा म्हणाले. "जपून म्हणालेत ना ते?"

"हो ना," आई थबकली. "ऑफिसमधली एक जण म्हणत होती, स्टिरॉइडने कातडी पातळ होते."

मग आजोबांनी काडेपेटीतली एक काडी आणली. काडीच्या टोकावर बसेल तेवढं मलम घेतलं आणि त्यात दोन कोपरं, दोन गुडघे आणि मान उरकली. उरलेली मी स्टीलच्या कपाटात, कुलपाच्या कप्प्यात. आग लागलीय आणि ही माणसं चमच्याने पाणी शिंपडतायत. ओरडायचं तर माझं तोंड टोपणात. त्या घरात "स्टिरॉइड" हा शब्दही असा हळू आवाजात उच्चारला जाई, जसा तुरुंगात गेलेल्या नातेवाइकाचा विषय निघावा.

कपाटात बसून मी माणसांचं बोलणं ऐकायचे. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य "खाजवू नकोस." आई म्हणे, आजोबा म्हणत, जिना झाडणारी बाईसुद्धा जाता जाता म्हणे. अरे, शिंक आलेल्याला शिंकू नकोस म्हणून कधी शिंक थांबलीय? मुंगी एकदा म्हणाली, "मी नाही खाजवत. हात खाजवतो." एकदा खालच्या मजल्यावरच्या मुलीने खेळात तिचा हात धरला नाही. "तुझं मला होईल" म्हणाली. हे इसब, एकाचं दुसऱ्याला होत नाही, हे मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

दिवस जात होते, काडी तीच होती. आई रोज सकाळी चादरीवरचे डाग गार पाण्यात भिजवत होती. आणि एका सकाळी मुंगीच्या झग्याची बाही कोपराला चिकटून बसली. खाली पाणी सुटलेलं, वर पिवळी खपली, अंगात ताप. आईने कोमट पाणी सोडत सोडत ती बाही बोटभर, बोटभर सोडवली. मुंगी रडली नाही. नुसती भिंतीकडे बघत राहिली. मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो याचा. पाच वर्षांच्या पोरीला दुखण्याची इतकी सवय असू नये हो.

तसेच सगळे डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्यांनी मुंगीला तपासलं, जखमांत जंतू शिरलेत म्हणून आधी त्याचं औषध लिहिलं आणि विचारलं, "मलम लावत होता ना?"

याच प्रश्नाची आजोबा वाट बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. "बघा की. रोज दोनदा, एकदाही चुकलो नाही. तुम्ही सांगितलंत तसं जपून वापरलंय. अजून जवळजवळ सगळी शिल्लक आहे."

शाबासकीसाठी त्यांनी चेहरा किंचित पुढे केला होता. डॉक्टरीणबाईंनी मला तळहातावर घेतलं. माझ्या शेपटीवर साधी घडीसुद्धा नव्हती.

"आजोबा, एव्हाना अशा दोन ट्यूबा संपायला हव्या होत्या."

"पण तुम्हीच म्हणालात, जपून."

"म्हणजे डोळ्यांत जाऊ देऊ नका, सांगितलेल्या जागीच लावा, सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त नको. तुम्ही ऐकलंत, पुरवून लावा." त्या थांबल्या. "मी तेव्हाच दाखवायला हवं होतं. बोट द्या इकडे."

त्यांनी आजोबांच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत माझी लांब रेघ काढली. "हे तुमच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला. आणि आंघोळीनंतर साधं ओलावा धरणारं क्रीम, ते तर सढळ हाताने, अंगभर."

आजोबा बोटाकडे बघत राहिले.

"म्हणजे माल घरात होता," ते म्हणाले, "आणि मी पोरीला तसंच ठेवलं."

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण ते वर बघेनात. ट्यूब उशिरा पेटते म्हणतात ती अशी. मला मात्र हसू आलं नाही. मला त्या माणसाची फार दया आली.

मग काय विचारता. माझा मुक्काम कपाटातून खिडकीत आला. जंतू हटल्यावर आजोबा स्वतःच्या पेरावर रेघ मोजून घेत आणि मला शेपटीकडून दोन्ही अंगठ्यांनी असे दाबत की जीव घुसमटावा. पण तसं घुसमटण्यासाठीच तर माझा जन्म. काही दिवसांनी आईने सकाळी चादर उचलली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. डाग नव्हता. ती कोरडी चादर छातीशी धरून ती पलंगावर बसून राहिली.

हे दुखणं कायमचं गेलं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा उसळेल, तेव्हा घाबरायचं नाही. माझ्यात आता एक-दोन वेळांपुरतंच उरलंय. माझ्यामागून येणाऱ्या बहिणीसाठी एवढंच मागते: तिला कुलपात घालू नका, आणि मनाने वाटेल तसं थापूही नका. किती, कुठे, किती दिवस, ते डॉक्टरांना बोटावर दाखवायला लावा. विचारायला लाज कसली?

आणि जाता जाता कालचा प्रकार सांगते, कारण माझा अजून त्यावर विश्वास बसत नाही. संध्याकाळी मुंगी बाहेरून भोकाड पसरत आली. गुडघा रक्ताळलेला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने खिडकीतून मला झडप घालून उचललं. आजोबा खाली वाकले, गुडघ्यावरची माती फुंकली आणि निरखून पाहिलं.

"थांब," ते म्हणाले. "हे ते नाही. ही पडलीय."

"पडलीय?" आईने असं विचारलं, जसं कुणी बक्षीस लागल्याचं सांगितलंय.

"खेळताना पडलीय. चारचौघांची पोरं पडतात तशी."

आणि दोघंही हसायला लागली. हसता हसता आईचे डोळे भरून आले. मुंगी इतकी चकित झाली की रडायचीच थांबली.

"मला लागलंय," ती रागाने म्हणाली, "आणि तुम्ही हसताय?"

"हो गं बाई, लागलंय," आजोबांनी तिला उचलून कडेवर घेतलं. "नुसतं लागलंय."

मी आईच्या मुठीतच होते. माझं टोपण तिने उघडलंच नाही.