काचेमागचा शंकू

मित्रांनो, मी एक सागवानी शंकू आहे. जुना, आणि मुद्दाम कापलेला. जुन्नरच्या महंमद हनीफ या सुताराने मला घडवले आणि मग करवतीने तिरपे कापून माझे दोन तुकडे केले. मधली खुंटी बसवली की मी पुन्हा सलग होतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असा कापलेला शंकू कागदावर काढावा लागतो. मनातल्या मनात कापणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मी.

कॉलेजात ड्रॉइंग शिकवणाऱ्या साधना मॅडम तास संपल्यावर अडलेल्या मुलांना थांबवून घेत आणि मला उघडून त्यांच्या हातात देत.

"डोळे मिट. कापल्या जागी बोट फिरव. काय लागतं?"

"अंड्यावानी हाय, मॅडम."

"दोन्ही टोकं तपास."

"सारखीच हायेत की."

"मग अंडं कसं? आता काढ."

कॉलेज सोडायला निघालेली मुले अशी पुन्हा कागदापाशी बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या बोटांनी माझ्या कडा झिजल्या. मला ते आवडे.

पुढे मॅडमचा करार संपला आणि त्या गेल्या. मग कॉलेज तपासायला कमिटी येणार असे ठरले. मला पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवले, कुलूप लावले.

त्याच वर्षी आहुप्याकडच्या डोंगरातून उज्ज्वला आली. घरातून इतके शिकणारी ती पहिलीच. गणितात हुशार, पण फळ्यावरचा शंकू तिला नुसता त्रिकोण दिसे. हनीफची नात झेबा तिच्या वर्गात होती. झेबा कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाई सोपानकडे गेली.

"सोपानभाऊ, उज्ज्वलाला दाखवायचाय. शोकेसमधली बाहुली आहे का तो?"

"बाहुली परवडली. ह्याचा तुकडा हरवला तर सर माझाच शंकू करतील. कमिटी जाऊ दे, मग बघू."

कमिटीने माझ्या पॉलिशची तारीफ केली. पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. उज्ज्वला ड्रॉइंगमध्ये नापास झाली, आणि मग बाकीच्या तासांनाही येईनाशी झाली.

तिचे वडील गेणभाऊ होस्टेलवरून तिला आणि तिची वळकटी घरी न्यायला आले. जाताना ते कपाटापाशी थांबले.

"ह्ये काय गं?"

"ह्येच काढायचं व्हतं, बाबा."

"मग हातात घिऊन बघायचं न्हाई का?"

तिने काचेवरून बोट फिरवले. दारातला सोपान खाली बघत राहिला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी गप्प होत चालले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. काय अडले ते विचारा. आणि आम्हा लाकडी नमुन्यांना वापरा. आम्ही झिजलो तर हनीफसारखा कोणीही सुतार दुसरा शंकू करून देईल. उज्ज्वलाची जागा मात्र अजून रिकामी आहे.