खाली न बसणारा गाळ

मेरिन हॅडोच्या बिअरमध्ये गाळ असायचाच. तिने तो कधी लपवला नाही. उलट बाटलीवरच छापून टाकलं होतं : 'तळाचा गाळ आमचाच आहे. बाटली टेबलावर आडवी लोळवा, मग उघडा.' ह्यूऑन नदीकाठची माणसं तसंच करायची. पबमध्ये एखादा नवखा वरचं नितळ तेवढं ओतून घ्यायला लागला, की शेजारचा त्याच्या हातातून बाटली काढून घ्यायचा आणि पोळी लाटावी तशी दोनदा फिरवून परत द्यायचा.

सफरचंदं भरायच्या एका जुन्या शेडमध्ये मेरिन आणि तिचा धाकटा भाऊ रोवन नऊ वर्षं ही ब्रुअरी चालवत होते. बनवायची ती, विकायचा तो.

त्या फेब्रुवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, उत्तरेचा गरम वारा सुटला आणि थांबायचं नावच घेईना. मंगळवारी दुपारी अल्विन ट्रेगियर आला. ऐंशीचा म्हातारा, सगळी हयात सफरचंदाची दारू गाळण्यात गेलेली. रोज संध्याकाळी मेरिनची एक बाटली, आणि कुणी विचारलं नसलं तरी तिच्यावर आपलं मत. आज त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. पिशवीतून एक बंद बाटली काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"हे बघ."

तपकिरी काचेआड बारीक कण तरंगत होते. मधूनच एखादा सावकाश वर जायचा, थबकायचा, पुन्हा वर जायचा.

"गाळच आहे," मेरिन म्हणाली.

"ते मलाही दिसतंय. मी बहिरा आहे, आंधळा नाही. ही वीस दिवसांपूर्वी नेलेली. आठवडाभर तळाशी मांजरासारखा गप बसून होता. आता उठलाय."

"गाडीतून आणलीत ना? हलली असेल."

"काल, परवा, तेरवा, ओट्यावर होती. बोट लावलं नाही. रोज सकाळी बघत होतो." अल्विनने बाटली हळूच खाली ठेवली, इतकी हळू की मेरिनच्या लक्षात आलं. "गाळ खाली जातो, पोरी. आपण होऊन वर येत नाही. वर येतोय म्हणजे कुणीतरी खालून ढकलतंय."

"उकाडा किती आहे बघा ना. उकाड्यात होतं असं."

"होतं?"

"होतं."

मेरिनने त्याची बाटली ठेवून घेतली आणि बदल्यात, त्याची तक्रार मिटावी म्हणून, फळीवरच्या सहा बाटल्या त्याच्या पिशवीत भरल्या. त्याच खेपेच्या होत्या. भरताना तिला ते ठाऊक होतं.

तिला आणखीही काही ठाऊक होतं. ही खेप बाटल्यांत भरली त्या दिवशी तिने सवयीप्रमाणे थेंबभर बिअर सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. यीस्टचे गोल गोल दाणे, नेहमीसारखे. पण त्यांच्यात काही लांबट, बारीक, काकडीच्या बियांसारखे. तेच यीस्ट ती सलग अकराव्या वेळी वापरत होती. समुद्रापलीकडून नवं यायला उशीर झाला होता. दमलंय बिचारं, असं म्हणून तिने काच पुसून ठेवली होती.

बुधवारी सकाळी तिने अल्विनची बाटली उघडली. टोपण नीट निघायच्या आतच फेस उसळला आणि छताला लागला. बाटलीत जेमतेम कपभर उरलं. त्यात तिने गोडी मोजायची काचेची नळी सोडली. ती बाराच्या खुणेवर तरंगायला हवी होती. ती चारपर्यंत बुडाली.

नेहमीचं यीस्ट पोट भरलं की झोपी जातं. काही साखर त्याला पचतच नाही, ती बिअरमध्ये तशीच राहते. हे दुसरं, जंगली, तीही खातं. बंद बाटलीत तीन आठवडे ते जेवत होतं, आणि त्याच्या प्रत्येक घासाचा वायू आत कोंडत होता.

रोवन शनिवारच्या होड्यांच्या शर्यतीसाठी खोकी गाडीत चढवत होता. तिने त्याला थांबवलं आणि सांगितलं. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं नाही.

"शनिवार होऊ दे," तो म्हणाला. "मग गुपचूप परत मागवू."

"शनिवारी नदीकाठी दोन हजार माणसं असतील. उन्हात. हातात बाटल्या लोळवत. आपणच शिकवलंय लोळवायला."

"अजून एक तरी फुटलीय का? नऊ वर्षं मी लोकांना घसा कोरडा करून सांगतोय, गढूळ म्हणजे नासकं नव्हे. आता आपणच बोंब मारायची?"

"हो."

"तुला पक्कं माहीत आहे?"

"भरली त्या दिवसापासून."

रोवन बोलायला तोंड उघडतच होता. तो काय बोलणार होता ते तिला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात मागच्या गोदामात धप्प असा आवाज झाला. लगेच दुसरा. मग काचा फरशीवर सांडल्याचा बारीक, लांबत जाणारा किणकिणाट. रोवनने खोकं जमिनीवर ठेवलं, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं, आणि खिशातून फोन काढला.

साडेनऊशे बाटल्यांपैकी सहाशे गोदामातच होत्या. बाकीच्यांच्या मागे दोघं दुपारपर्यंत फोनवर होती. हात लावू नका, ओल्या घोंगडीखाली झाका, आम्ही येतो. दोन पब, किराणा दुकान, होडी क्लब. लोक घाबरले, चिडले, एकाने फोन आपटला. पण ऐकलं सगळ्यांनी. अल्विनचा फोन मात्र वाजत राहिला. मेरिनने पाचदा लावला. सहाव्यांदा लावता लावताच ती गाडीत बसली.

टेकडीवरच्या त्याच्या घराचं मागचं दार उघडंच होतं. अल्विन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. कानातलं यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं. समोर बशीत शिंपल्यांचं सारण भरलेला, अर्धा खाल्लेला भाजका 'स्कॅलप पाय'. आणि तळहाताखाली, टेबलावर आडवी, बाटली. तो ती लोळवत होता, पुढे, मागे.

"सोडा ती," मेरिन ओरडली.

तिचे ओठ हललेले त्याने पाहिले आणि हसून दुसऱ्या हाताने समोरची खुर्ची दाखवली. "बस की. अर्धी तुला."

तिने टेबलाला वळसा घातला, त्याच्या खुर्चीची पाठ धरली आणि त्याच्यासकट खुर्ची मागे खेचली. बाटली त्याच्या हाताखालून सुटली, घरंगळत कडेशी आली. ती खाली पडू नये म्हणून मेरिनचा डावा हात आपोआप पुढे गेला. तो हात मागे घ्यायला हवा, हे तिला कळेपर्यंत बाटली फुटली होती.

वेदना आधी आली नाही. आधी दिसला टेबलावरचा फेस, आणि तो गुलाबी होत चाललेला. अल्विनच्या हनुवटीवर छोटासा काप होता. त्याने चेहऱ्यावरचा ओलावा पुसला, बोटांकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे. त्याने कमरेचा पट्टा काढून तिच्या कोपराखाली करकचून आवळला, पंजाला भांडी पुसायचं फडकं गुंडाळलं आणि तिला दंडाला धरून अंगणात नेलं. जाता जाता कानातलं यंत्र घ्यायचं मात्र तो विसरला.

उरलेल्या पाच बाटल्या खिडकीखाली उन्हात होत्या. स्वयंसेवक बंबवाले यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात तीन फुटल्या. अल्विनला काहीच ऐकू येत नव्हतं. तो मेरिनच्या तोंडाकडे बघत बसला होता. ती दचकली की विचारायचा, "आणखी एक?" ती मान डोलवायची.

"मी तुला सांगितलं होतं," एवढंच एकदा तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते तिला अधिक लागलं.

होबार्ट शहरातल्या डॉक्टरांनी हात शिवला. अंगठा आणि दोन बोटं पूर्वीसारखी झाली. उरलेली दोन वाकायची थांबली. सरकारी तपासनीस बाई आल्या त्या सकाळी रोवन दारात मेरिनला हळूच म्हणाला, "बुधवारी कळलं म्हण. खोटं नाही ते. मोजलंस बुधवारीच."

बाईंनी विचारलं तेव्हा मेरिनने लांबट दाण्यांचं सांगितलं, काच पुसून ठेवल्याचं सांगितलं आणि मंगळवारी जाणूनबुजून भरून दिलेल्या सहा बाटल्यांचंही. बाई लिहीत राहिल्या. रोवन उठून बाहेर गेला. भाऊ-बहीण अजूनही एकत्र काम करतात, पण त्या दिवसापासून सूक्ष्मदर्शकाशी ती बसली की तोही शेजारी येऊन उभा राहतो आणि तिच्यानंतर स्वतः डोळा लावून बघतो. ती त्याला कधी नको म्हणाली नाही.

ब्रुअरी पाच महिने बंद होती. सगळे नळ फेकले, टाक्या उकळत्या पाण्याने धुतल्या, यीस्ट जाळून टाकलं. परत आलेल्या बाटल्या बंबवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात बर्फात गार करून, जाड हातमोजे घालून, एकेक रिकामी केली. मग मेरिन आणि रोवनने बाटल्यांचा, पिऊन रिकाम्या झालेल्यांचा आणि काचांचा हिशेब जुळवला. अल्विनच्या सहा धरूनही आणखी सहा कमी भरत होत्या.

त्या सहा रोवनने स्वतः विकल्या होत्या, शेडच्या दारातच. हिरवी कॅराव्हॅन ओढत निघालेलं एक जोडपं, मागच्या सीटवर दोन मुलं. उत्तरेला जातोय म्हणाले होते, घाई नाही, वाट फुटेल तिकडे. नाव कुणी विचारलं नव्हतं. या बिअरचं काय करायचं असं त्या बाईने विचारलं, तेव्हा रोवनने तिला हाताने करून दाखवलं होतं, बाटली कशी लोळवायची ते.

रेडिओवर सूचना गेली, वर्तमानपत्रात गेली, समुद्रापलीकडे जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर कागद लागला. कुणाचा फोन आला नाही. कुणाला लागल्याचीही बातमी आली नाही. उकाड्याचा अजून महिना-दीड महिना शिल्लक होता.