इथे आता कोणी बोलत नाही

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो : मला बोलता येत नाही. चौतीस वर्षं रेडिओ केंद्रात काढली, पण स्वतःचं म्हणून एक अक्षर कधी उच्चारलं नाही. मी एक जुना मायक्रोफोन आहे. लोक माझ्या तोंडाशी येऊन बोलत, कौतुक त्यांचं होई आणि खरखर झाली की दोष माझा. तरी आता थोडं ऐकून घ्या. इतकी वर्षं मी तेच केलंय, एकदा तुम्ही करून बघा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका लांबलचक टेबलाशी बसून केसापेक्षा बारीक तार गुंडाळत असत. जिनं माझी तार गुंडाळली ती पूर्ण वेळ शेजारणीला आपल्या जावेबद्दल सांगत होती, त्यामुळे दुसऱ्याचं निमूट ऐकून घ्यायची सवय मला जन्माआधीच लागली. शेवटी एका तपासनिसानं मला यंत्राला जोडलं, समोर चुटकी वाजवली, काटा हललेला पाहिला आणि म्हणाला, "चालेल." माझं आजवरचं सर्वांत मोठं कौतुक ते हेच.

तिथून मी या केंद्रात आलो. दुसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, जमिनीवर जाड गालिचा, दारावर लाल दिवा. मी चालू असलो की तो दिवा लागे आणि बाहेरची माणसं चवड्यांवर चालत. एवढा मान पुढे कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. माझ्यासमोर बातम्या वाचणारे गृहस्थ बूट काढून बसत, कारण बूट घातले की त्यांचा आवाज चढे म्हणे. पचनावर भाषण द्यायला येणारे डॉक्टर दर तिसऱ्या वाक्याला ढेकर देत. हरवलेल्या किल्ल्या, हरवलेल्या आजोबांचं वर्णन, सगळं माझ्यातून गेलं. एकदा हरवलेला पोपट सापडला. दुसऱ्या दिवशी मालकानं कळवलं, "हा आमचा नव्हे, पण राहू दे."

मग ताई आली. सकाळी सहा ते नऊ. वय तेव्हा चोवीस, आवाज कोमट पाण्यासारखा. आल्या आल्या ती मला आपल्या रुमालानं पुसायची. 'प' आणि 'फ' बोलताना तोंडातून हवेचा फटका येतो आणि माझ्या पडद्याला बसतो, म्हणून ती त्या अक्षरांना मान किंचित वळवायची. मित्रांनो, मोठमोठ्या वक्त्यांनी माझ्या तोंडावर 'प्रगती' आणि 'परिवर्तन' आदळलं आहे. मान वळवणारी ही एकटीच.

ताईच्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. ते मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात खुणा केल्या, निवृत्त झाल्यावर ती खोड घरच्यांवर वळली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. ताईची आई गेली, आणि चौथ्या दिवशी ताई कामावर आली. तिच्या जागी बसायला दुसरं कोणी नव्हतं. कार्यक्रम नेहमीसारखाच करायचा असतो, म्हणून तिनं नेहमीसारखाच केला. मधे एक विनोदही केला. वडिलांनी तो घरी ऐकला. संध्याकाळी म्हणाले, "तुला बोलायला सगळं गाव आहे. माझ्याशी नको बोलूस."

तीही त्यांचीच मुलगी. नाही बोलली.

असे चार महिने गेले असतील. एका सकाळी ताई माझ्यात म्हणाली, "सात वाजले मंडळी. उठलात ना?" सगळ्या गावालाच म्हणाली. स्टुडिओतला फोन वाजत नाही, त्याचा पिवळा दिवा लुकलुकतो. तो दोनदा लुकलुकला आणि बंद झाला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ काका पक्कड घेऊन आले.

"फोनमध्ये बिघाड दिसतोय."

"काका, हात लावू नका," ताई म्हणाली.

"अगं, दोनदाच लुकलुकतोय."

"बाबा आहेत ते. उठलेत."

काकांनी पक्कड खिशात घातली.

तेव्हापासून नऊ वर्षं, रोज सात वाजता ती गावाला विचारी आणि एक माणूस दोनदा दिवा लुकलुकवून उत्तर देई. कधी दिव्याला उशीर झाला तर ताईचं लक्ष निवेदनात नसे. एकदा तिनं सलग दोन गाणी लावली आणि फोनकडे बघत बसली. सव्वासातला दिवा लुकलुकला. "बाथरूममध्ये असतील," ती मला म्हणाली. मला, बरं का. मी बंद होतो तेव्हा.

अशात केंद्र विकलं गेलं.

नवे साहेब आले. त्यांच्याकडे भिंतीवर चित्रं दाखवणारं यंत्र होतं. त्यातून असं निघालं की या गावातल्या तरुणांना रॉक संगीत हवं आहे, तेही नेहमीचं नव्हे, वेगळ्या वाटेचं. पर्यायी रॉक. आणि त्यात मधे कुणी बोललेलं नको आहे. घोषवाक्य तयार होऊनच आलं होतं : 'बडबड शून्य, संगीत शंभर टक्के.' साहेबांनी ते चाळीस मिनिटं समजावून सांगितलं.

संगीताची निवड करायला एक मुलगी ठेवली होती. एकेका कानात चार-चार बाळ्या. खोटं कशाला बोलू, पोरगी मनापासून काम करणारी होती. गाणं ऐकताना डोळे मिटायची. तिची गाणी मीही ऐकली. गिटारी करवतीसारख्या, पण त्यामागे कुणीतरी बिचारा जीव तोडून, घरी कुणी ऐकत नाही म्हणून, जगाला काहीतरी सांगत होता. म्हणजे बोलतच होता. फक्त त्याला पगार द्यायला लागत नव्हता.

"ताई, तुमच्याबद्दल काही नाही हो," ती म्हणाली. "लोकांना मधे कोणी बोललेलं आवडत नाही, इतकंच."

"माझ्या माहेरीही तसंच आहे," ताई म्हणाली.

ताईचा शेवटचा कार्यक्रम शुक्रवारी ठरला होता. तिनं निरोपाची दोन वाक्यं कार्डावर लिहून माझ्या दांड्याला टेकवून ठेवली. गुरुवारी संध्याकाळी साहेब आत आले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल. उद्यापासून सोमवारपर्यंत आपण नुसती घड्याळाची टिकटिक लावतोय. उत्सुकता वाढते."

"साहेब, दोनच वाक्यं आहेत."

"संशोधन असं सांगतं की श्रोत्यांना निरोप आवडत नाही."

"एकाला सांगायचंय."

"मग त्याला फोन करा ना मॅडम! त्यासाठी पन्नास मैलांचं प्रक्षेपण कशाला?"

मित्रांनो, साहेबांनी आमच्या केंद्रात केलेलं हे एकच शहाणं विधान, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. काकाही तेच म्हणाले. "अगं, जाऊन सांग त्यांना. रिक्षानं वीस मिनिटं."

"जाऊन काय सांगू? नऊ वर्षं गेले नाही, आता नोकरी गेली म्हणून दारात उभी राहू? पुढच्या आठवड्यात बघते."

तिनं कार्ड पर्समध्ये घातलं, मला पुसलं आणि गेली.

तीन दिवस टिकटिक झाली. पहिल्या दिवशी सात वाजता दिवा लुकलुकला नाही. कोणी विचारलंच नव्हतं, उत्तर कोण देणार?

सोमवारी अकरा वाजता उद्घाटन. स्टुडिओत पन्नास खुर्च्या मावत नाहीत म्हणून तीस माणसं उभी. शब्दमुक्त रेडिओ केंद्राच्या उद्घाटनाला सात भाषणं झाली. सगळी माझ्यातून. हवेत टिकटिकच चालू होती, भाषणं फक्त बाहेरच्या मांडवातल्या कर्ण्यांवर जात होती. मुख्य पाहुणे गाद्यांच्या कारखान्याचे मालक, केंद्राचे सर्वांत मोठे जाहिरातदार. "आज शब्दांची गरज नाही," असं म्हणून त्यांनी बावीस मिनिटं घेतली. प्रत्येक 'प' थेट माझ्या पडद्यावर. माझ्या सेवेतलं हे शेवटचं काम.

मग साहेबांनी बटण दाबलं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, घाबरू नका. प्रत्येक केंद्रात यंत्रांच्या खोलीत एक पहारेकरी असतो. यंत्रच, माणूस नव्हे. हवेत पंधरा सेकंद आवाज नसला की त्याला वाटतं केंद्र मेलं, आणि तो आपल्याकडची राखीव फीत चालू करतो. काकांनी साहेबांना विचारलं होतं, "पहिलं गाणं कोणतं? सुरुवात हळू नाही ना?" साहेब म्हणाले होते, "नकारात्मक बोलू नका." बोलण्याच्या सगळ्या फिती तर आधीच कपाटातून काढून टाकल्या होत्या. कार्यक्रम विभागाच्या यादीप्रमाणे, एकेकीवर खूण करून. पण राखीव फीत तांत्रिक विभागाच्या यादीत होती, आणि ती यादी कुणी मागितली नाही. न मागितलेली यादी पाठवायची आमच्या केंद्रात पद्धत नव्हती.

पहिल्या गाण्याची सुरुवात अशी होती : कुणीतरी लांबवर, बहुधा शेजारच्या गावात, गिटारची एक तार छेडतं आणि ती विरत जाते. मग वीस सेकंद काही नाही. ती शांतता हाच गाण्याचा आत्मा आहे, असं बाळ्यांवाल्या मुलीनं मला... म्हणजे माझ्यासमोर कुणाला तरी सांगितलं होतं. तिनं डोळे मिटले. पंधरावा सेकंद झाला.

"सुप्रभात! सात वाजले मंडळी. उठलात ना?"

ताईचा आवाज. साडेबारा वाजता. "आज थंडी वाढणार आहे, स्वेटर बाहेर काढा," असंही ती म्हणाली, आणि बाहेर अंगाची लाही होत होती. गाद्यांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या. "काय कल्पना आहे!" ते म्हणाले. साहेबांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. काका राखीव फीत थांबवायला यंत्रांच्या खोलीकडे धावले.

आणि फोनचा पिवळा दिवा लुकलुकला.

दोनदा लुकलुकला की तो बंद होणार, हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं. पाहुण्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायला त्यांना अभिनंदनाचा फोन हवाच होता. पहिल्याच लुकलुकीला त्यांनी बटण दाबलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"बोला! कसं वाटलं आमचं नवं केंद्र?"

फोन उचलला जाईल असं पलीकडच्या माणसाला वाटलंच नव्हतं. मग एक म्हातारा आवाज, प्रत्येक शब्द सुटा, तपासून ठेवल्यासारखा :

"ती... बरी आहे ना?"

"कोण ती?"

"आत्ता बोलली ती."

"ती फीत होती हो, आजोबा. ती बाई आता इथे नाही. इथे आता कोणी बोलत नाही."

"तिनं असं सांगायला सांगितलंय का?"

तीस माणसं हसली. आजोबा गमतीशीर वाटले त्यांना. साहेबही हसले आणि घाईत म्हणाले, "हो हो, असंच समजा," आणि बटण बंद केलं. परत दाराशी पोहोचलेल्या काकांनी ही शेवटची दोन वाक्यं ऐकली. तोवर फीत थांबली होती आणि गिटारी सुरू झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांना पत्र मिळालं. 'दिनांक अमुक रोजी श्रोत्यांपर्यंत अनधिकृत मानवी आवाज पोहोचल्याबद्दल खुलासा करावा.' काकांनी ते घडी घालून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

गुरुवारी ताई आपलं सामान न्यायला आली. सुतार भिंतींचे पुठ्ठे काढत होते. माझी तार काढून मला टेबलावर आडवं टाकलं होतं. तार काढली की मायक्रोफोनला ऐकू येत नाही असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी मायक्रोफोन होऊन बघितलेलं नाही.

काकांनी तिला सगळं सांगितलं. शेवटची वाक्यं सांगताना ते सुतारांकडे बघत होते.

ताईनं कप आणि शाल खाली ठेवली. फोन ओढला. नंबर तिला पाठ होता, फिरवायची सवय नव्हती. एकदा चुकला.

"बाबा, मी बोलतेय."

सुतारांनी ठोकाठोक थांबवली. का, कोण जाणे.

"तो माणूस नवीन होता. त्याला माहीत नव्हतं. मी कशाला तसं सांगेन?" मग, "तुम्ही विचारलंत ते काकांनी सांगितलं मला." बावीस वर्षं रोज तीन तास न अडखळता बोलणारी बाई, तिला पुढचं वाक्य सापडत नव्हतं. शेवटी म्हणाली, "जेवलात ना?"

पलीकडून काहीतरी आलं. लहानसंच. तिनं फोन हळू ठेवला.

"काय म्हणाले?" काकांनी विचारलं.

"रेडिओ देऊन टाकला म्हणाले. भंगारवाल्याला. मंगळवारीच."

"अजून काही?"

"नाही. तेवढंच."

तिनं कप उचलला, शाल उचलली. मला पुसायचं विसरली. चालायचंच.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूनं 'आमची निगा राखा' अशी विनंती करायची असते. माझी निगा उत्तम आहे. मी आता स्वागतकक्षात काचेच्या कपाटात असतो, खाली 'जुना काळ' अशी पितळी पट्टी आहे, दर शनिवारी काच पुसतात आणि गिटारवाले माझ्यासोबत फोटो काढतात. इतका चकचकीत मी कामावर असताना कधी नव्हतो. तेव्हा माझी काळजी करू नका. फक्त घरच्या कुणाला 'उठलात ना' असं विचारायचं असेल, तर त्यांच्या खोलीत जाऊन विचारा. माझ्यासारख्याला मधे घेऊ नका. मी नऊ वर्षं त्या दोघांच्या मधे होतो, एक दिवस रजा न घेता, आणि ते एकमेकांशी बोलताहेत असा दोघांचाही समज करून दिला.